आईवडिलांचा अमेरिकेचा व्हिसा आणि बडोद्याच्या कपाटातले कागद

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक झाली, की आईवडिलांना कायमचं बोलावून घेण्याचा अर्ज तिकडून भरला जातो. कागद मात्र इथून जमवावे लागतात: घरातल्या कपाटातून, शाळेच्या दप्तरातून, खंडेराव मार्केटमधल्या महापालिकेतून. या महिन्यात वाचकांनी पाठवलेले बहुतेक प्रश्न याच कागदांचे आहेत. उत्तरांआधी एक गोष्ट सांगतो, कारण ती जवळजवळ प्रत्येक उत्तरात पुन्हा येणार आहे. त्या त्या काळात, दुसऱ्याच कामासाठी तयार झालेला जुना कागद हा आज व्हिसासाठी करून घेतलेल्या नव्या कागदापेक्षा जास्त वजनाचा असतो. म्हणून आधी शोधा, मग दुरुस्त करा, आणि नवीन काही बनवणं अगदी शेवटी.

प्रश्न : आम्ही दोघं ७४ आणि ७० वर्षांचे. मुलगा अमेरिकन नागरिक आहे. आमच्या दोघांकडेही जन्माचा दाखला नाही. एक एजंट म्हणतात, हुकूम आणून नवा दाखला काढून देतो. काढावा का? (मांजलपूर)

आत्ता काढू नका. आधी कोणता कागद कशासाठी लागतो ते वेगळं करू या.

मुलगा जो आय-१३० नावाचा अर्ज भरतो, त्यात सिद्ध करायचं असतं ते नातं. तिथे मुख्य कागद मुलाचा जन्मदाखला असतो, तुमचा नव्हे. त्यावर मुलाचं, आईचं आणि वडिलांचं नाव स्पष्ट हवं. आईच्या अर्जाला हा दाखला आणि मुलाच्या नागरिकत्वाचा पुरावा पुरतो. वडिलांच्या अर्जाला त्याखेरीज तुमच्या लग्नाचा दाखला लागतो. दोघांसाठी अर्ज दोन आणि फीही दोनदा: १ एप्रिल २०२४ पासूनच्या दराने ऑनलाइन भरला तर प्रत्येकी ६२५ डॉलर, कागदावर भरला तर ६७५. नवराबायकोला एकाच अर्जात बसवता येत नाही. मुलाचं वय २१ पूर्ण असावं आणि तो नागरिक असावा. नुसत्या ग्रीन कार्डावर आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही.

तुमच्या स्वतःच्या जन्माचा पुरावा पुढच्या टप्प्यात लागतो. आय-१३० मंजूर झाला की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या व्हिसा कचेरीकडे जातं. तिथे डी.एस.-२६० हा ऑनलाइन फॉर्म भरून कागद अपलोड करायचे असतात. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा, आणि बहुतेक राज्यांत तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधी जन्मलेल्या माणसाकडे दाखला नसणं ही अमेरिकन वकिलातीला नवी गोष्ट नाही. अशांसाठी वाट ठरलेली आहे: नोंद उपलब्ध नसल्याचा सरकारी दाखला, शाळेचा एल.सी. (शाळा सोडल्याचा दाखला) आणि वडीलधाऱ्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र.

पहिला कागद म्हणजे नमुना क्रमांक १०, 'नोंद उपलब्ध नाही' हा दाखला. जन्माचं साल आणि ठिकाण लिहून शोधाचा अर्ज द्यायचा. रजिस्टर चाळून नोंद मिळाली नाही तर निबंधक हा दाखला देतो. मराठी घरांत इथे हमखास चूक होते. अर्ज जन्म झाला त्या गावी करायचा असतो, राहण्याच्या गावी नव्हे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. वडील बडोद्याचे, पण जन्म आजोळी साताऱ्याला किंवा मिरजेला झाला असेल, तर बडोदा महापालिकेचा 'नोंद नाही' दाखला निरुपयोगी आहे. बडोद्यात नोंद नसणारच. साताऱ्याच्या नगरपालिकेकडून तो आणावा लागेल. जन्म गुजरातेतल्या खेड्यात झाला असेल तर ग्रामपंचायतीच्या तलाटी-कम-मंत्र्याकडे (गावचं दप्तर सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) विचारा. आणि शोधात नोंद निघालीच, तर उत्तमच. तिची प्रत हाच सगळ्यांत भक्कम पुरावा.

दुसरा कागद एल.सी. आपल्या शहरात या बाबतीत लोकांचं नशीब चांगलं आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यामुळे १९४०-५० च्या दशकांत जन्मलेल्या पुष्कळ बडोदेकरांचं, मुलींचंसुद्धा, शाळेत नाव सापडतं. मूळ एल.सी. हरवला असेल तर शाळेत जाऊन जी.आर. म्हणजे जनरल रजिस्टरमधली नोंद शोधायला सांगा आणि तिच्यावरून दुसरी प्रत मागा. शाळा म्युनिसिपालिटीची होती आणि बंद पडली असेल, तर नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे चौकशी करा. प्रतीवर जी.आर. नंबर, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, जन्माचं गाव आणि वडिलांचं नाव आहे ना, हे खिडकीवरच वाचून घ्या.

तिसरं प्रतिज्ञापत्र. ते तुमच्या आईवडिलांनी करावं. ते नसतील तर तुमच्याहून मोठ्या, जवळच्या नातेवाइकाने. नोटरीकडचा तयार साचा घेतला की त्यात 'मी यांना ओळखतो' एवढंच असतं, आणि ते कामाचं नाही. करणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, स्वतःची जन्मतारीख आणि जन्मस्थान, तुमच्याशी नातं, तुमच्या जन्माची तारीख आणि गाव, तुमच्या दोन्ही पालकांची नावं, आणि हे सगळं त्याला कशावरून माहीत, एवढं हवंच. 'मी तेव्हा १२ वर्षांची होते, त्याच वाड्यात राहत होते, बारशाला हजर होते' अशी वाक्यं प्रतिज्ञापत्राला जीव देतात. दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं शब्दशः सारखी असतील तर ती एकानेच लिहिली हे उघड दिसतं. धाकट्या भावाने थोरल्याच्या जन्माची शपथ घेणं तर कुणालाच पटणार नाही.

आता एजंटच्या दाखल्याबद्दल. एक वर्षाहून जुन्या जन्माची नोंद आजही करता येते. पूर्वी त्यासाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा, किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा लागतो. मार्ग कायदेशीर आहे. पण दाखल्यावर जन्माच्या तारखेशेजारी नोंदणीचीही तारीख छापलेली असते. जन्म १९५१ चा आणि नोंद गेल्या महिन्याची म्हटल्यावर अधिकारी विचारणार, ही तारीख कशावरून आली? तेव्हा शाळेचा तोच जुना एल.सी. पुढे करावा लागतो. मग मधला खर्च कशाला?

आणि एजंट जन्माचं ठिकाण सोयीसाठी बदलू या, साक्षीदार मी आणतो, असं काही सुचवत असेल तर तिथेच थांबा. व्हिसासाठी महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितल्याचा ठपका बसला तर बंदी आयुष्यभराची असते. तिच्यातून सूट मागायला व्हिसा मागणाऱ्याचा नवरा, बायको किंवा आईवडील अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावे लागतात. नागरिक मुलगा त्यात मोजला जात नाही. सत्तरीतल्या आईवडिलांसाठी ही वाट बहुधा बंदच असते.

प्रश्न : मुलीचा जन्म १९८१ चा, सयाजी हॉस्पिटलमधला. महापालिकेच्या दाखल्यावर आम्हा दोघांची नावं बरोबर आहेत, पण तिच्या नावाचा रकाना कोरा आहे. (रावपुरा)

त्या काळच्या दाखल्यांत हे फार दिसतं. जन्माची वर्दी हॉस्पिटलने दिली, बारसं नंतर झालं, आणि नाव लिहून घ्यायला पुन्हा कोणी गेलं नाही. कोरा दाखला तसाच पाठवू नका. त्यावरून एवढंच कळतं की तुम्हाला त्या तारखेला एक मुलगी झाली.

कायद्याच्या कलम १४ नुसार नाव मागाहून चढवता येतं. मुदत नोंदणीपासून १५ वर्षांची, पण जुन्या नोंदींसाठी ती वेळोवेळी वाढवली गेली आहे. महापालिकेच्या जन्म-मरण शाखेत पहिला प्रश्न हाच विचारा, की १९८१ च्या नोंदीवर आज नाव चढतं का. चढत असेल तर मुलीचा एल.सी., दहावीचं प्रमाणपत्र, तिचा जुना भारतीय पासपोर्ट आणि तुमचे ओळखपत्र घेऊन जा. नाव नुसतं चढवायचं असेल तर काम सोपं असतं. दाखल्यावर आधीच 'पिंकी' लिहिलेलं असेल आणि शाळेत 'प्रियंका', तर ती कलम १५ खालची दुरुस्ती ठरते. तिला पुरावा जास्त लागतो.

मुदत बंद असेल तर कोरा दाखला मुख्य धरून त्याला आधार जोडायचे. एल.सी.वर तीच जन्मतारीख आणि वडिलांचं नाव असतं. तिचा पहिला भारतीय पासपोर्ट शोधा. त्याच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं छापलेली असतात, आणि हा पुरावा लोक हाताशी असून विसरतात. सोबत दोन प्रतिज्ञापत्रं. ही आय-१३० बरोबर जाणार असतील तर ती अर्ज भरणारी मुलगी आणि ज्यांच्यासाठी भरला ते तुम्ही सोडून इतरांची हवीत, म्हणजे मावशी, आत्या, काका अशांची. लग्नानंतर किंवा नागरिकत्व घेताना मुलीचं नाव बदललं असेल तर तिच्या लग्नाचा दाखलाही जोडायचा, म्हणजे जन्मदाखल्यावरची कन्या आणि अमेरिकन पासपोर्टवरची बाई एकच हे कागदांवरूनच दिसतं.

प्रश्न : माझं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. लग्नात पाळण्यातलं नावही बदललं. मुलाच्या दाखल्यावर तर आईचं नाव म्हणून घरातलं हाक मारायचं नाव आहे, आणि त्यापुढे 'बेन'. पासपोर्ट सासरच्या नावाने. काय करावं? (दांडिया बाजार)

बडोद्यातल्या मराठी बायकांच्या कागदांचा हा खरा गुंता आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा एल.सी.वर 'कुमुदिनी गोविंद', लग्नानंतर 'सुनीता वसंत', आणि मुलाच्या जन्माच्या वेळी सुईणीने किंवा दीराने सांगून लिहिलं 'ताराबेन'. अमेरिकेतला अधिकारी या तीन वेगळ्या बायका समजतो. त्याला आपल्याकडे लग्नात पाळण्यातलं नावही बदलतात हे माहीत असेल असं धरून चालू नका.

काम दोन टोकांकडून करायचं. पहिलं टोक मुलाचा दाखला, कारण नात्याचा पुरावा तोच आहे. त्यावर आईचं नाव दुरुस्त करून मिळतं का ते आधी पाहा. कलम १५ खाली निबंधक रजिस्टरात समासात दुरुस्ती लिहितो, मूळ नोंद खोडत नाही. त्यासाठी तुमचा लग्नाचा दाखला, पासपोर्ट, आधार, आणि मुलाच्या शाळेच्या कागदांवर आईचं नाव असेल तर ते लागतं. ही दुरुस्ती आय-१३० भरण्याआधी व्हावी. अर्जावर जुनं नाव आणि वर्षभराने मुलाखतीला नवं नाव असलेला दाखला, असं झालं तर प्रश्न वाढतात.

दुसरं टोक तुमची स्वतःची साखळी. एल.सी.वर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं आणि सासरचं दोन्ही, पासपोर्टवर सासरचं. यातला मधला कागद सगळ्यात मोलाचा, कारण दोन्ही नावं एका पानावर तिथेच येतात. लग्नपत्रिका जपून ठेवली असेल तर तीही जोडा. 'तिन्ही नावं माझीच' हे प्रतिज्ञापत्र करा, पण त्यात प्रत्येक नाव कोणत्या कागदावर, कोणत्या तारखेचं, ते क्रमाने लिहा. नुसतं तुमचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानलं जाईलच असं नाही. माहेरच्या एखाद्या थोरल्या माणसाचं सोबत असलं तर बरं. डी.एस.-२६० मध्ये 'वापरलेली इतर नावं' असा प्रश्न असतो. तिथे कुमुदिनी, ताराबेन, सगळं भरा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, आणि न भरलेलं नाव मागाहून कागदांत निघालं की संशय येतो.

फक्त 'बेन', 'भाई', 'राव' एवढाच फरक असेल, म्हणजे 'सुमन' आणि 'सुमनबेन', तर घाबरू नका. ते नावही इतर नावांत लिहा आणि अनुवादकाला एका ओळीची टीप घालायला सांगा, की हे आदरार्थी जोडपद आहे. तसंच बडोदा आणि वडोदरा. शहराचं अधिकृत नाव १९७४ मध्ये बदललं. त्याआधी संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९६० मध्ये गुजरात झालं. जुन्या एल.सी.वर 'बडोदा, मुंबई राज्य' आणि पासपोर्टवर 'वडोदरा, गुजरात' असेल तर ती विसंगती नाही. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करायला लावणाऱ्याला पैसे देऊ नका.

प्रश्न : नवरा १५ वर्षांपूर्वी गेले. लग्न १९६८ चं, नोंदणी कधीच केली नाही. मुलगी फक्त माझ्यासाठी अर्ज करते आहे. लग्नाचा दाखला आता कसा मिळणार? (वाडी)

मुलीच्या आय-१३० ला तो लागतच नाही. आईच्या अर्जात नातं मुलीच्या जन्मदाखल्यावरूनच सिद्ध होतं. पुढे व्हिसाच्या टप्प्यात तुमची स्थिती 'विधवा' लिहिली जाईल, म्हणून पतीच्या मृत्यूचा दाखला हवा. तो तुमच्याकडे असणार. त्यावर पत्नी म्हणून तुमचं नाव आहे का पाहा.

गुजरातेत विवाह नोंदणीचा सध्याचा कायदा २००६ चा. जोडीदार हयात नसताना नोंदणी अवघड जाते, तेव्हा तिच्या मागे महिने घालवू नका. लग्न जिथे लागलं तिथल्या विवाह नोंदणी कार्यालयाकडून नोंद नसल्याचं लेखी उत्तर मिळवा आणि जुने पुरावे जोडा: लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, कुटुंबाचं रेशन कार्ड, विम्याच्या पॉलिसीवरचं वारसाचं नाव. पती रेल्वेत, रिफायनरीत किंवा युनिव्हर्सिटीत नोकरीला होते का? असतील तर कौटुंबिक पेन्शनचा पी.पी.ओ. (पेन्शन देण्याचा हुकूम) हा फार चांगला कागद आहे. त्यावर पत्नीचं नाव नोकरीच्या रेकॉर्डवरून आलेलं असतं, व्हिसासाठी नव्हे.

पतिपत्नी दोघंही हयात असतील आणि नोंदणी राहिली असेल, तर मात्र आजच करून घ्या. वडिलांच्या अर्जाचं त्यावाचून अडेल. लग्नाच्या नोंदणीची तारीख उशिराची असली तरी चालतं, फक्त वर सांगितलेले जुने पुरावे सोबत लावा.

प्रश्न : पासपोर्टवर आणि एल.सी.वर जन्मतारीख १ जून १९४८. पण महापालिकेत शोध घेतला तर माझी नोंद निघाली, २३ नोव्हेंबर १९४७ ची. ती न दाखवता एल.सी.वर भागवावं का? (प्रतापनगर)

नाही. शाळाप्रवेशासाठी मास्तरांनी १ जून लिहिली, ही त्या पिढीतली सर्रास गोष्ट आहे, आणि तिचा तुमच्यावर दोष येत नाही. पण खरी नोंद हाती आल्यावर 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला मागणं म्हणजे खोटं बोलणं.

जन्मदाखला घेऊन पासपोर्ट सेवा केंद्रात जन्मतारीख दुरुस्तीचा अर्ज करा. मंजुरी आपोआप मिळत नाही. आधार आणि इतर कागदांवर कोणती तारीख आहे, फरक का पडला, हे विचारलं जातं. म्हणून आधार-पॅन दुरुस्तीचा क्रम आधी ठरवा. हे सगळं मुलाने आय-१३० भरण्याआधी झालं तर पुढचे सगळे फॉर्म एकाच तारखेने जातील. अर्ज आधीच गेला असेल, तर डी.एस.-२६० भरण्याआधी दुरुस्ती पुरी करा आणि दोन्ही तारखांचा खुलासा प्रतिज्ञापत्रात सरळ लिहा. पूर्वी व्हिजिटर व्हिसावर अमेरिकेला जाऊन आला असाल तर जुनी तारीख त्यांच्या नोंदीत आहेच. ती नाकारू नका.

प्रश्न : पोलीस क्लिअरन्स फक्त बडोद्याचं पुरतं का? वडील १९८० च्या दशकात सहा वर्षं कुवेतला होते. (कारेलीबाग)

गुन्ह्याची नोंद नसल्याचं हे प्रमाणपत्र भारताचं पासपोर्ट सेवेतून मिळतं, फी ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन. पत्ता बदलला असेल तर पुन्हा पोलीस तपास होतो, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. वयाच्या १६ वर्षांनंतर दुसऱ्या कोणत्याही देशात १२ महिने किंवा जास्त राहणं झालं असेल तर त्या देशाचंही लागतं, मग ते कितीही जुनं असो. कुवेतचं कसं मागवायचं, हे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर देशवार पानावर दिलेलं असतं. आधी तिथे पाहा. वडिलांचा त्या काळचा पासपोर्ट आणि तिथलं ओळखपत्र शोधून ठेवा, नंबर त्यावरूनच लागतात. अमेरिकेत मुलाकडे राहिल्याबद्दल अमेरिकन पोलिसांचं प्रमाणपत्र मागितलं जात नाही. भारताचं फार लवकर काढू नका, कारण मुलाखतीच्या वेळी ते दोन वर्षांहून जुनं चालत नाही.

प्रश्न : आई मी ९ वर्षांचा असताना गेली, वडिलांनी नंतर दुसरं लग्न केलं. मला वाढवलं ते या आईने. तिच्यासाठी अर्ज करता येईल? (अलकापुरी)

येईल, जर ते लग्न तुम्ही १८ वर्षांचे होण्याआधी झालं असेल. तुमचा जन्मदाखला, पहिल्या आईच्या मृत्यूचा दाखला, आणि वडिलांच्या दुसऱ्या लग्नाचा दाखला हे तिन्ही लागतील. तारखांचा क्रम नीट लागायला हवा: आधी मृत्यू, मग लग्न, आणि तोवर तुम्ही १८ च्या आत. शाळेच्या फॉर्मवर किंवा जुन्या पासपोर्टवर 'आई' म्हणून हिचंच नाव लिहिलेलं असेल तर ते लपवू नका, तुमच्या पत्रात खुलासा करा. तिला सख्खी आई दाखवून अर्ज भरण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सावत्र आईचा हक्क कायद्याने आहे, खोट्याची गरजच नाही.

प्रश्न : अनुवाद, नोटरी, अपोस्टिल याचं पॅकेज एक ऑफिस देतंय. घ्यावं का? (गोत्री)

अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारकडून घेतलेला शिक्का. तो या व्हिसासाठी लागत नाही. त्याचे पैसे वाचवा.

अनुवाद मात्र नीट हवा. गुजराती किंवा मराठी कागदाचा इंग्रजी अनुवाद पूर्ण असावा, म्हणजे शिक्का, सही, समासातली टीप, मागच्या बाजूची नोंद, सगळं त्यात आलं पाहिजे. 'फक्त कामापुरतं' केलेले अनुवाद परत येतात. शेवटी अनुवादकाने लिहून द्यायचं की दोन्ही भाषा मला येतात आणि हा अनुवाद पूर्ण आणि अचूक आहे. खाली नाव, सही, पत्ता, तारीख. अमेरिकन इमिग्रेशनला त्यावर नोटरीचा शिक्का लागत नाही. अनुवाद घरच्या माणसाने केला तर कायदा आड येत नाही, पण अर्जदाराने स्वतः करू नये असं आम्ही सांगू. मराठी शाळेचा एल.सी. गुजराती अनुवादकाकडे दिला तर 'ळ' आणि आडनावांची स्पेलिंग्ज चुकतात. पासपोर्टची प्रत त्याच्यासमोर ठेवा आणि नावं तिच्याप्रमाणेच लिहायला सांगा.

मुलाला सांगा की आय-१३० बरोबर स्वच्छ प्रती पाठव, मूळ कागद नकोत. ते तुमच्यापाशी राहू द्या. मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीच्या दिवशी ते दाखवावे लागतात. आय-१३० वर अमेरिकन इमिग्रेशनकडून जास्त पुराव्याची मागणी आली तर उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात आणि संधी एकदाच असते. जे सापडेल ते सगळं एकाच वेळी पाठवा. साताऱ्याचा दाखला येईपर्यंत ८४ दिवस सहज निघून जातात, म्हणून आम्ही शोध आधी घ्या म्हणतो.

प्रश्न : धाकटी मुलगी २० वर्षांची, अविवाहित. आमच्याबरोबर तिला नेता येईल? (सयाजीगंज)

या व्हिसावर नाही. आईवडिलांच्या वर्गात सोबत कोणालाही जोडता येत नाही. भाऊ तिच्यासाठी वेगळा अर्ज करू शकतो, पण भावंडांच्या वर्गात भारतीयांना फार वर्षं थांबावं लागतं. तुम्हाला ग्रीन कार्ड मिळाल्यावर तुम्ही अविवाहित मुलीसाठी अर्ज करू शकता. तोवर तिचं लग्न झालं तर तो हक्क जातो. तिचा जन्मदाखला, त्यावर तुमची पासपोर्टप्रमाणे नावं, हे आत्ताच तपासून ठेवा.

प्रश्न : वडिलांना ३० वर्षांपूर्वी टी.बी. झाला होता. मेडिकलमध्ये अडेल का? (फतेहगंज)

मेडिकल वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावं लागतं आणि १५ वर्षांवरील सगळ्यांच्या छातीचा एक्स-रे काढतात. जुना डाग दिसला तर थुंकीचे तीन नमुने लागोपाठच्या दिवशी घेतात. त्यांच्या कल्चरचा (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) निकाल यायला आठ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. बरा झालेला टी.बी. व्हिसा अडवत नाही, पण तपासण्या पुऱ्या होईपर्यंत मुलाखतीचा निर्णय लांबतो. त्या वेळची औषधांची चिठ्ठी, उपचार पूर्ण झाल्याचा कागद, जुन्या एक्स-रेच्या फिल्म्स यांतलं जे हाती लागेल ते सोबत न्या. जुनी फिल्म आणि आजची फिल्म शेजारी ठेवली की डाग वाढलेला नाही हे डॉक्टरांना दिसतं. मेडिकल मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात ठेवू नका, आणि निकाल हातात येईपर्यंत तिकीट काढू नका.